झेब्राफिश आणि घराण्यात चालत आलेले डोळ्यांचे आजार: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची मंगळवार पेठेतली. सध्या गावाबाहेर एका प्रयोगशाळेत झेब्राफिश नावाच्या बोटभर माशावर काम करते. सणावाराला घरी आले की गल्लीत, लग्नाच्या पंगतीत, रंकाळ्यावर फिरताना तेच ते प्रश्न येतात. माझ्या आतेभावाला, म्हणजे आमच्या दादाला, रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे डोळ्यामागचा पडदा हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार. त्यामुळे आमच्या घरात हे प्रश्न नुसत्या उत्सुकतेपोटी विचारले जात नाहीत. तोंडी उत्तरं देऊन देऊन जी घोटली गेली, ती इथे लिहून ठेवते आहे.

मासं बघून माणसाचा डोळा कसा काय कळणार?

हा प्रश्न सगळ्यांत आधी आज्जीने विचारला होता, आणि अजून यापेक्षा चांगला प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

माशाच्या आणि आपल्या डोळ्यामागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, एकाच नकाशावर बांधलेला आहे. प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशी, त्यांचा निरोप पुढे नेणाऱ्या पेशी, शेवटी मेंदूकडे जाणारी दोरी, हे सगळं त्याच क्रमाने. हे थर बांधणारी जनुकंही बहुतांशी तीच. झेब्राफिशचा पूर्ण जनुकसंच २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार सापडला. आजारांशी संबंध असलेल्या जनुकांपुरतं पाहिलं तर हा आकडा ८० टक्क्यांच्या वर जातो. माणसात एखादं जनुक बिघडल्यावर पडदा झिजत असेल, तर तेच जनुक माशात बिघडवून झीज कुठून सुरू होते ते डोळ्यांदेखत पाहता येतं. माणसात ते जमत नाही. जिवंत माणसाच्या पडद्याचा तुकडा काढून बघायची सोय नाही, आणि रुग्ण डॉक्टरांकडे येतो तोवर बऱ्याच पेशी मेलेल्या असतात.

हा मासा कुठला? पंचगंगेत मिळतो का?

शास्त्रीय नाव डॅनियो रेरिओ. मूळचा आपल्याच उपखंडातला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली भातखाचरं, ओढे, साचलेलं पाणी हे त्याचं घर. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेतल्या माशांवर लिहिताना १८२२ मध्ये त्याची नोंद केली. ‘डॅनियो’ हे नाव बंगालीतल्या ‘धानी’वरून आलं, म्हणजे भाताच्या शेतातला. आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांत दिसणारा मोठा डॅनियो त्याच्या भावकीतला. अंगावर निळे-रुपेरी आडवे पट्टे, लांबी तीन-चार सेंटीमीटर. पाळीव माशांच्या कुठल्याही दुकानात जोडीने मिळतो. तिथे लाल किंवा हिरवे चमकणारे दिसतात तेही मुळात हेच. त्यांच्यात दुसऱ्या जिवाचं चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलेलं असतं.

प्रयोगशाळेत त्याला आणलं जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी, अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९८१ चा. पुढे १९९६ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन आणि अमेरिकेतल्या बोस्टन इथल्या गटांनी जनुकं बिघडलेल्या माशांच्या शेकडो जाती एकदम जगापुढे ठेवल्या, आणि मग हा मासा सगळीकडे गेला. बंगालच्या भातखाचरातला मासा ओरेगॉनमार्गे हैदराबाद, दिल्ली, पुणे, मुंबईच्या प्रयोगशाळांत परत आला.

खातात का?

नाही. त्याचं कालवण करायचं म्हटलं तर वाटीभर रश्शाला पन्नास मासे लागतील, आणि काटेच जास्त येतील.

उंदीर आहेत की. मग मासाच का?

उंदीर लागतातच, ते काही सुटलेले नाहीत. पण डोळ्याच्या बाबतीत उंदराची एक मोठी अडचण आहे: तो रात्रीचा प्राणी. त्याच्या पडद्यात जवळपास सगळ्या दंडपेशी असतात, अंधुक उजेडात बघणाऱ्या. आपण वाचतो, चेहरे ओळखतो, रंग बघतो ते शंकुपेशींनी. झेब्राफिश दिवसाचा. त्याच्याकडे शंकुपेशी भरपूर, त्याही चार प्रकारच्या: लाल, हिरव्या, निळ्या आणि अतिनील. आपल्याकडे तीनच.

दुसरं कारण काही ठरावीक जनुकांचं. ‘ईवायएस’ हे जनुक बिघडलं की माणसाला रेटिनायटिस पिगमेंटोसा होतो. उंदरात हे जनुकच नाही, झेब्राफिशमध्ये आहे. अशर सिंड्रोम या आजारात ऐकू येणं आणि दिसणं दोन्ही जातं. त्यातल्या काही जनुकांत बिघाड केला तर उंदीर बहिरा होतो, पण त्याचा पडदा ठणठणीत राहतो. माणसाच्या प्रकाशपेशींना बोटांसारखा एक आधार असतो. तो उंदरात जवळपास नसतो आणि माशात असतो, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

आणि तिसरं, वेळ. उंदराचं पिल्लू तीन आठवडे पोटात वाढतं, जन्मल्यावर आणखी दोनेक आठवड्यांनी डोळे उघडतं. माशाचं अंडं आईच्या पोटाबाहेर, काचेच्या बशीत, पारदर्शक. २४ तासांत डोळ्याची वाटी तयार. तिसऱ्या दिवशी पडद्याचे थर जागच्या जागी. पाचव्या दिवशी जिऱ्याएवढं पिल्लू पाण्यातल्या सूक्ष्म जिवावर नेम धरून झडप घालतं. एक मादी एका सकाळी दोन-तीनशे अंडी देते. कुठल्याच उंदराला हे जमणार नाही.

रातांधळेपणा तर गाजर खाऊन, अ जीवनसत्त्व घेऊन बरा होतो ना?

अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे आलेला रातांधळेपणा होतो बरा. पण रेटिनायटिस पिगमेंटोसाची सुरुवातही रात्री न दिसण्यानेच होते, आणि इथेच बरीच घरं फसतात. दादाच्या बाबतीत सहा वर्षं गाजरं, शेवग्याचा पाला आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या यांत गेली. संध्याकाळी गंगावेशीत सायकल दुसऱ्याच्या पाठीवर घालायचा आणि शिव्या खायचा. नंतर बाजूचं दिसणं कमी होत गेलं, नळीतून बघावं तसं. हा आजार साधारण चार हजारांत एकाला होतो. डोळ्याच्या पडद्याचे आनुवंशिक आजार अनेक आहेत: लहान बाळाला जन्मापासून न दिसणारा लेबर, शाळकरी वयात मधली नजर नेणारा स्टारगार्ट, मुख्यतः पुरुषांना होणारा कोरॉइडेरेमिया, रंग न दिसण्याचे प्रकार. आजवर २५० हून अधिक जनुकं यात सापडली आहेत. नाव एकच असलं तरी दोन घरांतला बिघाड वेगवेगळ्या जनुकात असू शकतो.

मामाच्या मुलीशी लग्न केल्यामुळे होतं का हे?

सगळ्यांत नाजूक प्रश्न, आणि बहुतेक वेळा तो एखादी आई हळू आवाजात विचारते.

आपल्याकडे आणि खाली सीमाभागात आतेभाऊ-मामेबहिणीची लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. नात्यातलं लग्न हे आजाराचं कारण नव्हे. लपलेला आजार त्यामुळे समोर यायची शक्यता वाढते. प्रत्येकाकडे एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. बऱ्याच आजारांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवून नेते. असा माणूस वाहक. त्याला काहीच होत नाही, त्याला पत्ताही नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता २५ टक्के. आते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात. म्हणून आजोबांकडून आलेली एकच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येऊन गाठ पडते.

हे मी कागदावर काढून दाखवते तेव्हा लोक मान डोलावतात. पण माशाचं सांगितलं की खरं पटतं. प्रयोगशाळेत आम्ही मुद्दाम भावा-बहिणीचंच लग्न लावतो. दोन वाहक मासे, दोघांची नजर चांगली, संध्याकाळी एका टाकीत मध्ये जाळीचा पडदा घालून ठेवायचे. सकाळी दिवा लागला की पडदा काढायचा. अर्ध्या तासात तळाला रव्यासारखी अंडी. पाच दिवसांनी मोजली, तर शंभरातली पंचवीसच्या आसपास पिल्लं आंधळी. आईबाप दोघेही बघणारे. त्यात आईची काही चूक नसते, आणि हे वाक्य मी प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणते, कारण खोलीत सासूबाई बसलेल्या असतात.

काही आजार आईकडून मुख्यतः मुलग्यांत उतरतात, तर काहींत एकच बिघडलेली प्रत पुरते. म्हणून घराण्याचा वृक्ष काढल्याशिवाय कुणालाही ठोकून काही सांगू नये.

माशाला हा आजार होतो, की तुम्ही देता?

देतो. अंडं फलित झाल्यावर पाऊण तासाच्या आत, ते एकाच पेशीचं असताना, काचेच्या केसाहून बारीक सुईने त्यात क्रिस्परची कात्री टोचतात. ही कात्री ठरलेल्या जागी जनुक कापते. पेशी घाईघाईत ते सांधते आणि सांधताना चुकते. ती चूक म्हणजे आपला हवा असलेला बिघाड. क्रिस्परसाठी शार्पेंटिए आणि डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं. माशांत ही पद्धत २०१३ पासून वापरात आहे. पहिल्या पिढीत बिघाड विखुरलेला असतो, काही पेशींत आहे, काहींत नाही. म्हणून मासे तीन महिने वाढवायचे, पुढची पिढी घ्यायची, तिच्यातले वाहक शोधायचे आणि मग त्यांची जोडी लावायची. शुद्ध वाण हाती यायला सहा-आठ महिने सहज जातात.

त्याआधी मॉर्फोलिनो नावाची झटपट पद्धत होती. जनुकाला हात न लावता त्याचा निरोप, म्हणजे प्रथिन बनवायची सूचना (आरएनए), तेवढा अडवायचा. तिच्या भरवशावर बरंच काही छापून आलं. पुढे खरोखर जनुक तोडलेले मासे तयार झाले, तेव्हा त्यांतल्या अनेकांत तो परिणाम दिसेना. माझं मत विचाराल, तर नुसत्या मॉर्फोलिनोवर उभा असलेला जुना दावा जरा जपूनच वाचावा.

माशाला दिसत नाही हे तुम्हाला कसं कळतं? तो काय सांगतो का?

सांगतो. पहिली खूण रंगाची. झेब्राफिशचं पिल्लू उजेडात असलं की अंगावरचा काळा रंग आकसून घेतं आणि फिकट होतं. आंधळ्या पिल्लाला उजेड असल्याचं कळतच नाही, ते काळपट राहतं. बशीभर पिल्लांत अशी काळी पिल्लं नुसत्या नजरेने वेगळी काढता येतात. अर्थात प्रत्येक काळं पिल्लू आंधळं नसतं.

म्हणून पुढे खरी परीक्षा. एसटीच्या किंवा रेल्वेच्या खिडकीतून बाहेरचे खांब बघणाऱ्या माणसाचे डोळे कधी निरखलेत? खांबाबरोबर हळू मागे जातात, मग झटक्यात पुढे येतात, परत मागे. माशाचंही तसंच. काकवीसारख्या घट्ट पण काचेसारख्या स्वच्छ द्रावात पाच दिवसांचं पिल्लू पाठ वर करून ठेवायचं, म्हणजे अंग हलत नाही, डोळे मोकळे राहतात. भोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पिंप हळू फिरवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन काळे ठिपके पट्ट्यांमागे सरकतात, टचकन परत येतात. दर मिनिटाला किती वेळा ते मोजायचं. न बघणाऱ्या पिल्लाचे डोळे नुसते थिजलेले असतात.

एकदा आमची सगळीच्या सगळी पिल्लं आंधळी निघाली, निरोगी भावंडंसुद्धा. दोन दिवस आम्ही पाणी, तापमान, औषधं तपासत बसलो. शेवटी कळलं की पट्ट्यांचा कागद मीच नवा छापून आणला होता, आणि पट्टे इतके बारीक की पिल्लांना ते सरसकट करडेच दिसत होते.

तिसरी तपासणी ईआरजी, म्हणजे पडद्याचा विजेचा आलेख. डोळ्यावर उजेडाचा झोत टाकून पडदा किती वीज उमटवतो ते मोजतात. दादाची हीच तपासणी झाली होती. माशाचा आलेख आणि दादाचा आलेख शेजारी ठेवले, तर चढउतारांची ठेवण ओळखू येण्याइतकी सारखी असते.

जनुक-तपासणीच्या रिपोर्टात ‘अर्थ अनिश्चित’ असं आलंय. पैसे वाया गेले का?

नाही गेले. माझ्या मते माशाचा सगळ्यांत मोठा उपयोग इथेच आहे.

जनुकातलं एखादं अक्षर बदललेलं सापडतं. पण प्रत्येकाच्या अंगात असे हजारो बदल असतात आणि बहुतेक निरुपद्रवी. मग या घरातला हा बदल दोषी, की नुसता तिथे उभा असलेला? आपल्या लोकांच्या जनुकांची माहिती जागतिक संग्रहांत युरोपीय लोकांच्या मानाने बरीच कमी आहे, त्यामुळे आपल्याकडे हा शेरा जास्त भेटतो.

मासा इथे साक्षीला उभा करता येतो. ज्या माशाचं ते जनुक तोडलंय, त्याच्या अंड्यात माणसाच्या निरोगी जनुकाचा निरोप टोचायचा. पिल्लू बघायला लागलं, तर माणसाचं जनुक माशात चालतं हे ठरलं. आता दुसऱ्या अंड्यांत तोच निरोप, पण रुग्णाच्या घरातला बदल असलेला. ही पिल्लंही बघायला लागली तर तो बदल बहुधा निर्दोष. नाही लागली तर संशय पक्का. रुग्णाला या निकालाचा उपयोग होतो: नव्या औषधाच्या कुठल्या चाचणीत नाव घालता येईल, बहिणीने तपासणी करावी का, हे त्यावरून ठरतं. मात्र प्रत्येक घरासाठी कुणी असा प्रयोग करत नाही. रिपोर्ट जपून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा वाचून घ्या. आज अनिश्चित असलेला बदल पुढे निश्चित ठरू शकतो.

माशांमुळे औषध निघालंय का? खरं सांगा.

खरं सांगायचं तर आनुवंशिक अंधत्वावरची पहिली मंजूर जनुकचिकित्सा अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये आली, ‘आरपीई६५’ जनुकासाठी, आणि तिचं श्रेय कुत्र्यांना जातं. त्याच जनुकात जन्मजात बिघाड असलेल्या ब्रिआर्ड जातीच्या कुत्र्यांना आधी दिसायला लागलं. बाजारात आली तेव्हा किंमत दोन्ही डोळ्यांची मिळून साडेआठ लाख डॉलर, आणि फक्त त्याच एका जनुकासाठी.

माशाचा वाटा दुसरीकडे आहे. अशर सिंड्रोममधल्या ‘यूएसएच२ए’ जनुकाचा तेरावा तुकडा बिघडलेला असेल, तर तो वगळून उरलेलं प्रथिन चालतं का, हे माशात तपासलं गेलं. तुकडा वगळल्यावर माशाच्या पडद्याचं काम सुधारलं, आणि या तत्त्वावरचं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं. कोरॉइडेरेमियात माशाची पिल्लं आठवडाभरही जगत नाहीत. अटालुरेन नावाचं औषध त्यांच्या पाण्यात घातल्यावर ती जास्त जगली, पडद्याची झीजही कमी झाली. तेवढ्यावर कुणी ते औषध आणून डोळ्यात घालू नये.

आणि ‘स्टेम सेलचं इंजेक्शन, दोन महिन्यांत नजर’ असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. आत्याने दादाच्या नावावरची ठेव मोडून अशा एका ठिकाणी पैसे भरले. नजर होती तेवढीच राहिली.

मासा आपला पडदा परत उगवतो म्हणे?

उगवतो. पडद्यातल्या म्युलर नावाच्या आधारपेशी जखम झाल्यावर मागे वळून पुन्हा बाळपेशी होतात, वाढतात आणि मेलेल्या पेशींच्या जागा भरतात. काही आठवड्यांत मासा पुन्हा बघतो. याच म्युलर पेशी आपल्याकडेही आहेत, पण आपल्याकडे त्या खपली धरतात आणि थांबतात. माशात त्यांना कोण जागं करतं, आणि आपल्यात कोण दाबून ठेवतं, यावर जगभर काम चाललंय. उंदरांत त्यातल्या काही किल्ल्या फिरवून थोड्या नव्या पेशी मिळाल्या आहेत. माणसांत अजून काही नाही.

माशाला जमत नाही असं काय?

बरंच. माणसाच्या पडद्याच्या मध्यभागी बारीक वाचण्यासाठीचा पिवळा डाग असतो, तसा माशाला नाही. त्यामुळे तिथून सुरू होणारे आजार माशात अर्धेच दिसतात. माशांच्या पूर्वजांत कधीकाळी सगळा जनुकसंच दुप्पट झाला, म्हणून बऱ्याच जनुकांच्या जोड्या आहेत. एक तोडलं की दुसरं काम उचलतं आणि आपल्याला वाटतं जनुक निरुपयोगी. औषध पाण्यात विरघळवून दिलं तर पिल्लाच्या पोटात नेमकं किती गेलं ते सांगणं कठीण. शिवाय माणसात वीस वर्षं चालणारी झीज पाच दिवसांच्या पिल्लात शोधणं हा कधीकधी आपलाच उतावळेपणा असतो.

माशांचे हाल होत नाहीत का?

आपल्याकडे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी समित्या असतात, त्यांच्या मंजुरीशिवाय काम सुरू होत नाही. युरोपात पिल्लू स्वतः खायला लागलं, साधारण पाचवा दिवस, की त्याला कायद्याचं संरक्षण लागू होतं. मोठ्या माशाला हात लावायचा तर आधी पाण्यातून भूल देतात. आंधळे मासे वाढवताना खाणं त्यांच्या तोंडापाशी सोडावं लागतं, नाहीतर बघणारे आधी खाऊन टाकतात. आमच्याकडे त्यांची टाकीच वेगळी.

कोल्हापुरात असताना सुरुवात कुठून करायची?

रात्री चाचपडणारं मूल असेल तर आधी पडदा तपासणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, नेत्रविभाग आहे, खासगी डॉक्टरही आहेत. जनुक-तपासणीला नुसतं रक्त लागतं, ते बाहेर पाठवतात. जनुकीय समुपदेशनासाठी हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद किंवा चेन्नईचं शंकर नेत्रालय अशा ठिकाणी जाता येतं. जाताना तीन पिढ्यांची माहिती घेऊन जा: कोण कुणाचं, कुणाचं लग्न नात्यात, कुणाची नजर कधी गेली. ही माहिती घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईकडे असते, आणि ती बहुधा कुणी विचारलेली नसते. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्जही त्याच वेळी करून टाका.

मुलाला शाळेच्या प्रदर्शनासाठी यातलं काही घरी करता येईल का?

येईल, आणि माशाला काही इजा न करता. दुकानातून दोन झेब्राफिश आणा, काचेच्या गोल बरणीत एक दिवस रुळू द्या. पांढऱ्या कार्डशीटवर बोटभर रुंदीचे काळे उभे पट्टे रंगवा, त्याची नळकांडी करून बरणीभोवती घाला आणि सावकाश फिरवा. मासे पट्ट्यांच्या दिशेने गोल पोहू लागतील. उलटं फिरवलंत की तेही वळतील. मग खोलीतले दिवे एकेक करून कमी करत जा आणि ते कुठल्या उजेडात पाठलाग सोडतात ते लिहून ठेवा. पट्टे बारीक करू नका, मी केले होते.